चिमी चिंबोरीची करवंटी

एक होती खाडी. खाडीला होता किनारा. किनाऱ्यावर होती वाळू. वाळूत होती एक करवंटी, पालथी घातलेली. आणि करवंटीखाली कोण राहायचं?

चिमी चिंबोरी.

चिंबोरी म्हणजे खेकडा. पण चिमी एवढुशी. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. पाय मात्र भरपूर. चालायची कशी? तिरकी तिरकी, तुरु तुरु.

करवंटीला एक भोक होतं. नारळाचा डोळा असतो ना, तो. ती चिमीची खिडकी. खिडकीतून दिसायची पोशा कोळ्याची, म्हणजे पोशाकाकाची, होडी. फट् फट् फट् करत जायची आणि वळणावर दिसेनाशी व्हायची.

वळणापलीकडे काय असेल, असं चिमीला रोज वाटायचं. पण घर सोडून कोण जाणार?

एका सकाळी चिमी खाऊ शोधायला गेली. खाऊ खाल्ला. परत आली. बघते तर काय, घर नाही. वाळूवर नुसता एक गोल.

चिमी इकडे तिरकी, तिकडे तिरकी. घर कुठेच नाही. चिमीला रडूच आलं.

तेवढ्यात आवाज आला. छपाक. टप टप. छपाक. टप टप.

होडीत पोशाकाका पाणी उपसत होता. कशाने? चिमीच्या घराने. निम्मं पाणी बाहेर जायचं. निम्मं भोकातून पुन्हा होडीत. काकाच्या ते लक्षातच येत नव्हतं. आज तो फार खुशीत होता.

चिमी गेली तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"काका, काका, करवंटी दे.
करवंटी माझं घर, मला हवं घर."

काका म्हणाला, "अगो चिमी, आम्ही चाललो लांब. लेकीला बाळ झालंय. भरती आली की होडी सुटणार. वाटेत पाणी उपसायला काहीतरी नको? माझा डबा मिळेना. डबा मिळाला तर करवंटी देईन."

चिमीने खाडीकडे पाहिलं. पाणी लांब होतं. पण पाणी येणार, होडी जाणार, आणि होडीबरोबर घरही जाणार. चिमी पळत सुटली.

काकाच्या घराच्या दारात बसली होती चांगुणाकाकी. पुढ्यात बोचकं. तिने ते बांधलं. सोडलं. बाळाचं झबलं आहे ना, ते पाहिलं. पुन्हा बांधलं. पहाटेपासून तिचं हेच चाललं होतं. आणि शेजारी काय होतं? काकाचा डबा. घासूनपुसून लख्ख. आत गच्च लाडू.

चिमी गेली तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"काकी, काकी, डबा दे.
डबा काकाला, काका देईल करवंटी.
करवंटी माझं घर, मला हवं घर."

काकी म्हणाली, "मग लाडू काय पदरात नेऊ? टोपली मिळाली तर डबा देईन."

टोपलीत कोण बसलं होतं? कोंबडी. फुगून, ऐटीत.

चिमी गेली तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"कोंबडीताई, कोंबडीताई, टोपली दे.
टोपली काकीला, काकी देईल डबा.
डबा काकाला, काका देईल करवंटी.
करवंटी माझं घर, मला हवं घर."

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक. माझी अंडी ठेवू कुठे? पेंढा मिळाला तर टोपली देईन."

पेंढ्यावर कोण बसलं होतं? म्हैस. ऐसपैस.

चिमी गेली तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"म्हशीबाई, म्हशीबाई, पेंढा दे.
पेंढा कोंबडीला, कोंबडी देईल टोपली.
टोपली काकीला, काकी देईल डबा.
डबा काकाला, काका देईल करवंटी.
करवंटी माझं घर, मला हवं घर."

म्हैस म्हणाली, "हंबाँ. मला चावतात माशा. शेपूट पुरत नाही. कशी उठू? बगळ्याने माशा टिपल्या तर पेंढा देईन."

बगळा कुठे होता? चिखलात. एका पायावर. डोळे मिटून.

चिमी गेली तिरकी तिरकी, तुरु तुरु. जरा लांबच थांबली हं. बगळ्याची चोच काही लहान नसते.

"बगळेबुवा, बगळेबुवा, माशा टिप.
माशा म्हशीच्या, म्हैस देईल पेंढा.
पेंढा कोंबडीला, कोंबडी देईल टोपली.
टोपली काकीला, काकी देईल डबा.
डबा काकाला, काका देईल करवंटी.
करवंटी माझं घर, मला हवं घर."

बगळ्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "माशा म्हणजे तोंडी लावणं. जेवणाआधी लोणचं खातं का कुणी? मासोळी मिळाली तर माशा टिपेन."

मासोळी कुठे? पाण्यात. पाणी कुठे? लांब, लांब, लांब.

चिमी निघाली. तिरकी तिरकी, तुरु तुरु. चिखल संपला. ओली वाळू संपली. चिमीचे पाय दुखले. पण घर म्हणजे घर.

शेवटी आलं पाणी. समुद्रआजोबा झोपले होते. घुर्रर्र. घुर्रर्र.

"आजोबा, आजोबा, मासोळी द्या.
मासोळी बगळ्याला, बगळा टिपेल माशा.
माशा म्हशीच्या, म्हैस देईल पेंढा.
पेंढा कोंबडीला, कोंबडी देईल टोपली.
टोपली काकीला, काकी देईल डबा.
डबा काकाला, काका देईल करवंटी.
करवंटी माझं घर, मला हवं घर."

आजोबा झोपेतच म्हणाले, "मला जाग आली तर मासोळी देईन." आणि पुन्हा घुर्रर्र.

आता काय करायचं? चिमीची हाक एवढुशी. आजोबा एवढे मोठे. चिमीने विचार केला. मग आपल्या पायांकडे पाहिलं. पाय तर भरपूर आहेत की.

चिमी गेली पाण्याच्या अगदी काठाला. आणि सगळ्या पायांनी केल्या गुदगुल्या. गुदु गुदु गुदु. गुदु गुदु गुदु.

आजोबा हलले. आजोबा वळवळले. आजोबा खुदकन हसले. मग जे हसत सुटले, खळ खळ खळाळ, खळ खळ खळाळ. हसता हसता लाट उठली. लाटेवर चिमी, लाटेवर मासोळी. भरती आली.

मासोळी मिळाली बगळ्याला. गट्टम.
बगळ्याने टिपल्या माशा. टुच टुच टुच.
म्हैस उठली. पेंढा उचलला शिंगावर. टाकला कोंबडीपुढे.
कोंबडीने अंडी सरकवली पेंढ्यात. टोपलीला मारली लाथ.
टोपली निघाली गडगड गडगड, थेट काकीच्या दारात.

काकीने टोपलीत ओतले लाडू. टुणुक टुणुक टुणुक. एक लाडू पळाला. तो कोंबडीने खाल्ला.

तिकडे पाणी होडीला लागलं. होडी हलली. होडी डुलली. काकाने इंजिन सुरू केलं. फट् फट् फट् फट्.

काकीच्या दारात पोचलेली चिमी घाबरली. गेली होडी, गेलं घर. अहो, काकीला सोडून काका कसा जाईल? पण हे चिमीला कुठे ठाऊक?

काकीने डोक्यावर घेतली टोपली. एका हातात बोचकं, एका हातात डबा. पदराला लटकली चिमी. काकी पाण्यातून धावत सुटली. छप छप छप छप.

काकीने डबा काकाला दिला. काकाने डब्याने उपसलं. छपाक, छपाक, पाणी संपलं. मग कुठे त्याला करवंटीचं भोक दिसलं. काका कपाळावर हात मारून हसला. काकीही हसली.

काकाने करवंटी धुतली. पुसली. म्हणाला, "घे गो चिमी, तुझं घर. कुठे ठेवू?"

चिमीने वाळूकडे पाहिलं. तिच्या घराचा गोल पुसून गेला होता. चिमीने वळणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "इथेच ठेव."

काकाने करवंटी होडीच्या टोकाशी ठेवली. पालथी. खिडकी पुढच्या बाजूला. काकीने लाडवाचा कण खिडकीत ठेवला. मग काकीने ओंजळीत नारळ घेतला. लांबच्या वाटेला निघताना समुद्राला नारळ द्यायचाच. डुबुक. आजोबा पुन्हा खळाळले.

होडी निघाली. फट् फट् फट् फट्. म्हैस बघत राहिली. कोंबडी बघत राहिली. बगळा एका पायावर झोपून गेला.

वळण जवळ आलं. चिमीने खिडकीला डोळे लावले. तिचे सगळे पाय नाचायला लागले. तुरु तुरु, तुरु तुरु.

करवंटी चिमीचं घर.
आणि घर निघालं गावाला.