रबरी नळीची कुजबुज

मोटारींना लांबलचक नाक असायचं, त्या काळची गोष्ट. एका वकीलसाहेबांची जुनी, आलिशान गाडी एकाएकी उभ्या जागी आचके देऊ लागली.

तिच्या इंजिनात सहा प्लग होते. ठिणगी टाकून पेट्रोल पेटवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या डोक्यावरून एक जुनी रबरी नळी जायची. ती एकेकाच्या कानाशी लागली, "तुझ्यावर माझा संशय नाही हो. पण तो तिसरा बघ, ठिणगी चोरतोय."

"शपथेवर सांगतो, एकही ठिणगी चुकवली नाही मी!" तिसरा कळवळून म्हणाला.

"चोर कधी कबूल करतो का?" बाकीचे पाच म्हणाले.

गॅरेजमध्ये बाबालाल मिस्त्रींनी प्लग काढून पाहिले. तिसरा जरा काळा दिसला. "हाच मिसिंग मारतोय, मधनंच ठिणगी चुकवतोय," म्हणत त्यांनी तो भंगारात फेकला आणि नवा बसवला. गाडीचे आचके चालूच.

"आता पाचव्यावर नजर ठेवा," नळी फुसफुसली.

तेवढ्यात चालू इंजिनावर वाकलेल्या मिस्त्रींनी कान टवकारले. त्यांनी नळीवर बोट दाबलं आणि आचके थांबले.

"आयला, फाटलीयस तर तू! इथनं हवा आत शिरतेय व्हय!"

नळी बदलली. गाडी झकास चालू लागली.

भंगारातल्या तिसऱ्याची आठवण कुणी काढली नाही. नवी नळी गप्प होती. थोड्या वेळानं पहिला प्लग दुसऱ्याला हळूच म्हणाला, "ही काहीच बोलत नाही. नक्की काहीतरी लपवतेय."