कस्तुराची जिलेबी आणि आबासाहेबांचं विमान

“घाई केलीत तर हॉटेल बंद! आणि माझं विमान चुकलं तरी हॉटेल बंद!”

असं म्हणत आबासाहेब वाठारकरांनी विमानतळावरच्या ‘यथेच्छ भोजनालया’तली खुर्ची ओढली, आणि मॅनेजर पेंढारकरांच्या तोंडचं पाणी पळालं. भोजनालय आबासाहेबांच्याच मालकीचं. ते मोडून तिथे सँडविचच्या पाकिटांचं दुकान टाकायचं त्यांनी मनात घेतलं होतं. म्हणजे टेबलं गेली, आचारी गेले, वाढपी गेले आणि पेंढारकरही गेले!

“विमानतळावर बसून जेवायला वेळ आहे कुणाला?” आबासाहेब गरजले. “मला दाखवाच! मी बंगळूरला नातीच्या बारशाला निघालोय. लिंबा-मिठापासून ताकभातापर्यंत सगळं जेवणार. मला कुणी ‘उठा’ म्हणायचं नाही, ‘आवरा’ म्हणायचं नाही, किती वाजले तेही सांगायचं नाही. आणि माझ्या पानात आजवर एक शीत उरलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. शेवटचा घास घेऊन मी माझ्या मर्जीनं उठणार आणि विमानही गाठणार. जमलं, तर टेबलं राहतील!”

आता ही काय अट झाली? माणूस असा, की एका पुरीमागे दोन गोष्टी सांगणार. आणि विमान असं, की सासऱ्यासाठीसुद्धा थांबणार नाही! पेंढारकरांनी तिथल्या तिथे हात टेकले.

“मी वाढते,” मागून कस्तुरा म्हणाली. ही तिथली वाढपी. गावाकडे लग्नाच्या पंगती वाढून तयार झालेली, आणि जिभेला धार!

“अगं, सगळ्यांच्या नोकऱ्या जातील!” पेंढारकर कुजबुजले.

“नाही वाढलं तर राहणार आहेत का? मग पाहुणा उपाशी कशाला घालवायचा!”

तिनं पान मांडलं. लिंबू, मीठ, चटणी, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, वरणभातावर तुपाची धार. आणि हात जोडून म्हणाली, “सावकाश होऊ द्या, आबासाहेब!”

पेंढारकरांनी कपाळावर हात मारला. इथे जीव जायची वेळ आली, आणि ही बया ‘सावकाश’ म्हणतेय!

आबासाहेब खूश. एक घास, एक गोष्ट. भाजीबरोबर त्यांच्या मुंजीची, पुरीबरोबर मेहुण्याच्या लग्नाची. मसालेभातापाशी तर चक्क मागे रेलून बसले. समोरच्या गेटवर बंगळूरची रांग लागली, पुढे सरकायलाही लागली. पेंढारकर खांबाआडून कस्तुराला मनगटाकडे बोट दाखवून दाखवून थकले.

कस्तुरा जिलेब्यांची परात घेऊन पुन्हा आली.

“बास,” आबासाहेब म्हणाले. “दोन झाल्या माझ्या.”

“ही वहिनीसाहेबांच्या नावानं. त्यांना नाही म्हणणार?”

नाही कसं म्हणणार? त्यांनी खाल्ली.

“ही लेकीच्या नावानं. ही जावयांच्या. जावयाचा मान मोडू नये!” त्याही गेल्या. “आता ही नातीच्या नावाची.”

“अगं, तिचं अजून बारसं व्हायचंय! नाव कुठेय तिला?”

“अगंबाई, नावच नाही? मग लाडाच्या दोन!” पडल्या पानात.

आबासाहेबांना घाम फुटला. जिलेबीवर उतारा म्हणून त्यांनी मठ्ठा मागितला. मठ्ठा उरला, तर कस्तुरानं भात वाढला. भात उरला, तर मठ्ठा ओतला. त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले, तर हिनं बोटांच्या फटीतून पुरी सारली!

“पुरे! पुरे म्हणतो ना!”

“असं कसं? अजून काहीच जेवला नाहीत! बसा निवांत. वेळेची काळजी करायची नाही, मी आहे ना वाढायला!”

तीच तर काळजी होती! पानात टाकायचं नाही ही स्वतःचीच प्रतिज्ञा, आणि पान रिकामं झालं की ही हजर! आता आबासाहेबांच्या गोष्टी बंद पडल्या. मान खाली, हात भराभर. समोर एवढासा ताकभात तेवढा राहिला होता.

“जिलेब्या गार झाल्या वाटतं,” कस्तुरा म्हणाली. “थांबा हं, गरम घाणा काढलाय, आणतेच!”

ती आत वळली मात्र! आबासाहेबांनी ताकभात दोन घासांत संपवला, पान लख्ख केलं, बॅग काखेत मारली आणि धूम ठोकली. बाहेर पडतात तर मागून हाक आली, “आबासाहेब! एकच! माझ्या गळ्याची शपथ!”

वळून पाहतात तो कस्तुरा परातीसकट मागे! आता पळायचं कुठे? जिथे हिला येता येणार नाही, अशी एकच जागा होती. आबासाहेब थेट गेटवर घुसले, पास पुढे केला, आणि दोरीच्या पलीकडे जाऊनच त्यांनी श्वास घेतला.

“सुटलो बाबा!”

“वेळेत आलात, सर,” गेटवरची मुलगी म्हणाली. “आता बंदच करणार होते.”

आबासाहेबांनी दाराकडे पाहिलं, मग दोरीअलीकडच्या कस्तुराकडे.

“पोरी! अट मोडलीस तू! मला हाकललंस!”

“मी?” कस्तुरानं डोळे मोठे केले. “मी तर शेवटपर्यंत ‘बसा, बसा’ म्हणत होते! ‘पुरे’ कोण म्हणालं? पळालं कोण? विचारा सगळ्यांना!”

आबासाहेबांनी तिच्या हातातल्या परातीकडे पाहिलं. मग पोट गदगदायला लागलं, आणि भरल्या पोटी हसणं म्हणजे काय हाल! पोट धरून, डोळे पुसत ते हसले. मागोमाग धावत आलेले पेंढारकरही हसले, आधी भीत भीत आणि मग मोकळे होऊन.

“पेंढारकर! टेबलं राहू द्या, सगळी राहू द्या!” आबासाहेब ओरडले. “आणि हिला आजपासून गल्ल्यावर बसवा. पगार दुप्पट!”

“अहो, पण मला वाढायलाच आवडतं!” कस्तुरा म्हणाली.

“म्हणूनच!” आबासाहेबांनी लांबूनच हात जोडले. “परवा परत येतोय मी. मला पुन्हा इथे बसून जेवायचंय, बाई!”