चंद्र झालेला दगड

दगडालाही स्वप्नं पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? फार वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या टेकडीवर धान्य दळणारी एक पवनचक्की होती. तिच्या जात्याचा वरचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला होता. पाहुण्यांना दाखवायला तो उचलून ठेवला, की ते त्याच्या पोटावरून हात फिरवत आणि म्हणत, “वा, जणू चंद्रच!” मग वाऱ्यावर फिरता फिरता दगड आपण आभाळात तरंगत असल्याचं स्वप्न बघे. त्याला खरखरीत करायला पाथरवटाची टाकी आली, की म्हणे, “टाकीताई, लांबच राहा. मला ओरखडे नकोत.”

एका संध्याकाळी म्हातारी उंदरीण त्याच्यापाशी येऊन टेकली.

“आजी, जेवलीस का?” दगडानं विचारलं.

“कशी जेवू, चंद्रराव? तीन दिवस तुझ्याखालून दाणे अख्खेच घसरतायत. मी सांडलेल्या पिठावर जगणारी. माझ्या तोंडात दात उरलेत कुठं?”

दगड हळूच म्हणाला, “टाकीताई, जागी आहेस ना? ये. चांगले खोल घाव घाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला, चक्की फिरली आणि उंदरीणआजीनं पोटभर पीठ खाल्लं.