दोन वाट्या विरजण

आज राजाची गोष्ट नाही हं. राजा आहे, पण तो मागाहून येतो आणि दही खाऊन जातो. आजची गोष्ट येसूची. मल्हार, सरक जरा, गोधडी सगळी तूच ओढून घेतलीस. हं, तर एकदा काय झालं...

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे येसू आणि तिची आई राहायच्या. दारात एक म्हैस. दही विकायचं आणि पोट भरायचं. पण ते दही साधंसुधं नव्हतं, बरं का. बोटभर जिभेवर ठेवलं की ज्याला त्याला आपापल्या आईची हाक ऐकू यायची. गावचा म्हातारा पाटील, तोंडात दात नाही, पण दही खाल्लं की त्याला ऐकू यायचं, "म्हादबा, पुरे झालं खेळणं, जेवायला ये!" मग तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचा आणि आणखी अर्धं माप मागायचा.

येसूच्या आईची रीत ठरलेली होती. सकाळी आधी दही चाखायचं. मग दोन वाट्या विरजण काढायचं. आणि मगच विकायचं माप हातात घ्यायचं. एक वाटी उद्याची, एक वाटी दाराची. उद्याची वाटी उद्याच्या दुधाला लावायची. दाराची वाटी कुणी मागायला आलं तर द्यायची. विरजणाचे का कुणी पैसे घेतं? गावातली पोर सासरी निघाली की तिच्या हातात येसूची आई विरजणाचं छोटं गाडगं ठेवायचीच. आणि चार पैसे आले की आधी पेंडीचे बाजूला. म्हणायची, "म्हशीचं म्हशीला, मग आपलं आपल्याला." शाळा नव्हती शिकली हो, पण हिशोब पक्का.

मग एका उन्हाळ्यात आई गेली.

येसू एकटी पडली. घर खायला उठायचं. पण सकाळी दही चाखलं की तिलाही हाक यायची. "येसू, विरजण काढलंस का गं?" बस्स, एवढंच. 'जेवलीस का' नाही, 'कशी आहेस' नाही. विरजण काढलंस का! येसू म्हणायची, "काढते गं आई." आणि एवढ्या एका हाकेसाठी ती रात्रभर उजाडायची वाट बघायची.

एक दिवस काय झालं, सगुणा लोहारीण आली. म्हणाली, "येसू, उन्हानं माझं विरजण बिघडलं बघ. वाटीभर दे." येसूच्या मनात आलं, सगळ्यांच्याच घरी असलं दही लागलं तर माझ्या दारात कोण येईल? ती म्हणाली, "काकू, आज उरलं नाही." खोटंच! दाराची वाटी फळीवर तश्शी होती. त्या दिवसापासून येसूनं दाराची वाटी काढायचीच सोडली. आता फक्त उद्याची वाटी.

मग आला राजा. सांगितलं होतं ना, येतो म्हणून! लवाजमा पहाटेच गावात शिरला. घोडे, हत्ती, भालदार, चोपदार. येसूच्या दारात ही गर्दी. "दही दे, दही दे!" येसूची तारांबळ उडाली. चाखायला वेळच नाही. तिनं तसंच माप हातात घेतलं.

राजानं बोटभर दही तोंडात घातलं. त्याची आई तो रांगता असताना गेली होती. तिचा आवाज कसा होता तेही त्याला ठाऊक नव्हतं. आणि आत्ता कुणीतरी हाक मारली, "ये रे माझ्या सोन्या." राजा मटकन ओट्यावर बसला. एवढा मोठा राजा, मुसमुसून रडला. म्हणाला, "आणखी द्या." मग आणखी द्या. मग आणखी. येसूनं मडकं खरवडून दिलं, काठ निपटून दिला. राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि लवाजमा निघून गेला.

येसूनं कडं कपाळाला लावलं. केवढी विक्री झाली! मग संध्याकाळी दूध तापवलं, कोमट केलं, विरजणाची वाटी घ्यायला फळीकडे वळली. फळी रिकामी.

चाखलं नाही, म्हणून हाक आली नाही. हाक आली नाही, म्हणून विरजण काढलं नाही. कळलं ना?

येसूनं कड्याकडे बघितलं. सोनं दुधात टाकून का दही लागतं? तिनं मिरचीचे देठ घातले. दही लागलं. छान घट्ट लागलं. सकाळी तिनं चाखलं आणि कान देऊन बसली. काही नाही. मुकं दही! बाहेर चिमण्या ओरडत होत्या, म्हैस शेपूट आपटत होती, पण तिची आई काही बोलेना. येसू म्हणाली, "आई, एकदा तरी रागाव गं." आणि मडक्याला मिठी मारून रडली.

मग ती निघाली विरजण मागायला.

आधी गेली सगुणाकडे. सगुणा म्हणाली, "तुझ्या आईनं दिलेलं ते तवाच बिघडलं. तुझ्याकडं आले हुते की गं मागायला." येसूची मान खाली गेली.

मग गेली तेल्याच्या पारूकडे. पारू म्हणाली, "माझं संपलं की मी सगुणाकडनं आणायची. तिचंच ऱ्हायलं न्हाई, तर माझ्याकडं कुठलं?"

मग म्हातारा पाटील म्हणाला, "पोरी, तुझ्या आईनं गोदूच्या पाठवणीला गाडगं दिलेलं आठवतंय मला. लई लांब, मिठागरावर दिलीय तिला. बघ जाऊन."

येसूनं म्हैस सगुणाकाकूच्या दावणीला बांधली. सगुणानं तिला वाटेला भाकरी बांधून दिली. येसू चालली, चालली. डोंगर उतरली, नदी ओलांडली, आणि समुद्राकाठी मिठाच्या पांढऱ्या ढिगांपाशी पोचली. गोदू दारातच उभी होती. येसूला बघून ती धावतच पुढे आली. "माहेरचं माणूस! अगं, इतकी वर्षं झाली, कुणीसुद्धा आलं नाही गं." तिनं येसूला घट्ट धरलं.

येसू म्हणाली, "गोदूताई, विरजण आहे का?"

"आहे की. पण दिवे लागले बघ. आता घरातून विरजण बाहेर जात नाही. सकाळी देते."

सकाळी गोदूनं आधी बोटभर दही तिच्या तळहातावर घातलं. येसूनं जिभेवर ठेवलं. डोळे मिटले.

"येसू, विरजण काढलंस का गं?"

येसू हसली आणि रडली, दोन्ही एकदम. म्हणाली, "काढते गं आई. दोन वाट्या काढते."

ती कडं काढून देऊ लागली. गोदूनं तिच्या हातावर चापटी मारली. "विरजणाला मोल? तुझ्या आईनं घेतलं होतं का माझ्याकडून? माझी आई मला रोज भेटते ती कुणामुळे?" आणि वर पदरात मूठभर मीठ बांधलं.

आता एवढ्या लांब विरजण टिकणार कसं? मग येसू मुक्कामाला थांबली की त्या घरी दूध मागायची, दही लावायची. सकाळी एक वाटी त्या घराला, एक आपल्याला. असं करत करत ती गावी आली. पहिली वाटी दिली कुणाला? सगुणाकाकूला! बरोब्बर.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांकडे तसलंच दही, मग येसूचं गिऱ्हाईक गेलं असेल. नाही गेलं. घरी वाटीभर पुरतं रे, पण लग्नकार्याला हंडे लागतात. मग सगुणा सांगायची, येसूकडनं आणा. पारू सांगायची. नदीपल्याडची माणसंही सांगत यायची. येसूनं कडं मोडून दोन म्हशी घेतल्या. पेंडीचे पैसे आधी बाजूला, हं. आणि पुढे तिचं विरजण कधी बिघडलं, तर साऱ्या वाटेवर तिला दारं होती. अशी ती सुखात राहिली, गोदूसुद्धा वर्षाकाठी माहेरी यायला लागली.

काय? मला कुणाची हाक येते? अरे, आजीला आई नसते का? मिटा बघू डोळे. इरा, तूसुद्धा. मी आलेच. दूध निवलं असेल, दही लावायचं राहिलंय. आणि मला कुणीतरी केव्हाचं विचारतंय.