सुईची खाच

मोटारसायकली किकनेच चालू होत, तेव्हाची गोष्ट. एका गाडीच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या भागात, दोन जेट, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तोट्या, आणि एक सुई राहत असत. गाडी जागेवर असताना पेट्रोल धाकटा जेट देई, सुसाट पळताना थोरला. मधला सारा रस्ता सुईचा. ती जितकी वर, तितकं पेट्रोल जास्त.

एकदा सर्व्हिसिंगमध्ये सुईला अडकवून धरणारी क्लिप तिच्या अंगावरच्या चुकीच्या खाचेत बसली आणि सुई खाली गेली. तेव्हापासून घाटात गाडी आचके देऊ लागली. सरलाताई नर्स त्याच गाडीवर लशींचा डबा डोंगरातल्या वाड्यांवर नेत. एका बाजूला दरी, डब्यातला बर्फ वितळतोय. सुईचा जीव थाऱ्यावर नसे.

शब्बीर मेस्त्री गाडी स्टँडवर लावी, जागेवरचा आवाज ऐकी, मग ॲक्सिलरेटरची मूठ पुरती पिळी. दोन्ही वेळा इंजिन खणखणीत. तरी तो थोरला जेट काढून फुंके आणि परत बसवी.

“माझ्याकडे बघा की!” सुई कळवळे.

“गप गं,” थोरला म्हणे. “गाडी माझ्या जिवावर पळते.”

शेवटी चढावर गाडी बंद पडून हातभर मागे घसरली. त्या दिवशी ताई मेस्त्रीला म्हणाल्या, “स्टँड राहू दे. मागे बसा.”

घाटात आचका बसला, तसा मेस्त्रीने दरीकडे पाहून कॅरियर घट्ट धरला. “ताई, मूठ अर्धीच पिळलीय तुम्ही!”

“या वळणांवर पुरती कोण पिळेल?”

मेस्त्रीने तिथेच कार्बोरेटर उघडून सुई एक खाच वर घेतली. गाडी एका दमात चढली. सुई प्रत्येक वळणाला मुठीबरोबर वर-खाली होत पेट्रोल सोडत होती.

“आणि माझी पाळी कधी?” थोरल्याने विचारलं.

“दादा,” सुई म्हणाली, “ताईंची मूठ तुझ्यापर्यंत कधी आलीच नाही.”