मागे नेलेली तारीख

बाजाराच्या एका गावात दत्तोबा पुंडे लग्नपत्रिका छापायचा. आपल्या हातची पत्रिका गेली नाही असं घर पंचक्रोशीत नाही, हे तो स्वतःच ज्याला त्याला सांगायचा.

एके दिवशी त्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. लेक निशिगंधाने नवा आणून दिला. म्हणाली, "बाबा, यातलं नवं टायपिंग चार दिवसांत शिकवते तुम्हाला."

पण दत्तोबा कसला ऐकतोय! "बोटांना एक वळण पडलंय गं. आता या वयात त्यांना बिगरीत बसवू होय?"

त्याने तालुक्याहून दुरुस्तीवाला बोलावला. त्या माणसाने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुनी सिस्टिम बसवून दिली. पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा चालायचा. अडचण एकच होती, जुन्या प्रोग्रॅमची मुदत केव्हाच संपली होती. "खिडकीतली तारीख मागे न्या, म्हणजे त्याला कळणार नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. दत्तोबाने तारीख खुशाल २००२ सालावर नेली, आणि स्वतःवरच खूश झाला.

आठवड्याभरात सुताराच्या म्हाताऱ्याची दशक्रियेची पत्रिका आली. दत्तोबाने नावाआधी 'कै.' टाइप केलं. छापून आलं 'श्री.'! तीनदा केलं, तीनदा तेच. मग त्याने प्रत्येक पत्रिकेवर पेनने दुरुस्ती केली आणि विषय सोडून दिला.

पुढे निशिगंधाचंच लग्न ठरलं. तिची आई सुलभा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. दत्तोबाने जड हाताने 'कै. सुलभा' टाइप केलं. कागद बाहेर आला, त्यावर होतं 'सौ. सुलभा'.

दत्तोबाला भरून आलं. किती वर्षांनी ही अक्षरं अशी शेजारी बसली होती! ती खोडायला हात उठेना.

मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. 'आमची कन्या' याच्यापुढे जागा कोरी होती. त्याने नाव पुन्हा टाइप केलं. अक्षरं उमटली आणि एकेक करून विरून गेली. २००२ साली निशिगंधा जन्मलीच नव्हती ना!

तरी तो स्वतःशी म्हणाला, "जाऊ दे. तिचं नाव पेनने लिहू. सौ. राहू दे." आणि त्याने सगळ्या पत्रिका तशाच छापल्या.

भर दुपारी तो पेन घेऊन बसला. पहिली पत्रिका ओढली आणि हात थांबला. कुणाचं बरं नाव लिहायचं होतं?

दारातून एक मुलगी डबा घेऊन आत आली. "बाबा, जेवून घ्या आधी."

दत्तोबा तिच्याकडे बघत राहिला. "कोण गं तू? कुणाची?"

मुलगी हसली. मग त्याचे डोळे बघून तिचं हसू मावळलं. "बाबा, असं काय करता? मला एकदम थंडी वाजतेय. माझं नाव घ्या ना!"

दारातलं ऊन थेट फरशीवर पडलं होतं. डब्याची सावली दिसत होती. मुलीची नव्हती.

दत्तोबाला नाव आठवेना, पण 'बाबा' ही हाक काळजात कुठेतरी लागली. त्याने खिडकीतल्या तारखेवर बोट नेलं. समोरच्या पत्रिकेवर 'सौ. सुलभा' तशीच होती. बोट घुटमळलं. मुलीच्या हातातला डबा खाली पडला.

"सुलभे, माफ कर गं," म्हणत त्याने तारीख आजच्या दिवसावर आणली.

'मुदत संपली' एवढंच दाखवून खिडकी मिटली. दत्तोबा ओरडला, "निशू!" फरशीवर सावली परत आली होती.

दुसऱ्या दिवशी लेकीने शिकवलं तसं त्याने एका बोटाने, चुकत माकत, नवी पत्रिका टाइप केली. 'कै. सुलभा' लिहिताना तो लहान पोरासारखा रडला. मग लेकीचं पूर्ण नाव लिहिलं.

पत्रिका देखणी छापून आली. फक्त प्रत्येकीवर निशिगंधातला 'नि' फिकट होता. शाई बदलली, कागद बदलला, तरी तो गडद होईना. बोट घुटमळलं होतं, तेवढा वेळ तिथे कायमचा राहिला.

तात्पर्य काय, तर सोयीसाठी काळ मागे फिरवू नये. गेलेल्या माणसाचं तिथे नुसतं नाव भेटतं, आणि असलेलं माणूस मात्र हातचं जातं.