तंगुसाचा पीळ

"काका, हा गुंता होतोच कसा, तेवढं सांगा!"

सुधाकर पेडणेकर चौथ्यांदा ओरडला. पुण्यात इंजिनिअर आहे; आजारी वडिलांसाठी, तात्यांसाठी, गावी आलेला. त्याच्या रिळावर तंगुसाचं घरटं झालं होतं. नायलॉनचा दोराच तो, पण माणसाला रडवतो.

खाडीच्या तोंडावर, कातळावर बसून बाबलकाका विडी ओढत होते. साठ वर्षं गळ टाकून मासे गरवलेला माणूस. मी शेजारीच होतो.

"रीळ भारीतलं. दोरा मापात भरलेला. दोरा अडवणारी कडी हाताने बंद करतो. पुस्तक वाचून आलोय मी!"

"गावला काय पुस्तकात?"

"काय?"

"मासो."

सुधाकर चिडला. "चेष्टा नको, काका. तात्या अंथरुणाला खिळलेत. चार दिवस पेजेशिवाय पोटात काही नाही. म्हणाले, तू गळाने पकडलेली तांबोशी खायची. जन्मात पहिल्यांदा काही मागितलं माझ्याकडे. तेही टोमणा मारून."

"कसलो?"

"'तुका जमाचा नाय.' मग मी ऐकून घेतो होय? अर्धा तास समजावलं त्यांना, रीळ कसं चालतं ते."

"नि तात्या?"

"भिंतीकडे तोंड करून पडले..."

काकांनी विडी विझवली.

"सकाळी लागली ती तांबोशी. तेवा काय केलंस?"

"फिरवलं! ती ओढत होती, रीळ करकरत दोरा सोडत होतं, मी आणखी जोरात फिरवत होतो."

"दोरो इलो?"

"...नाही. तुटला."

काकांनी सुरी काढली. घरटं कापून फेकलं. उरलेल्या दोऱ्याचा गळही कापला, वजनाचं शिसंही. मोकळा दोरा ओहोटीच्या पाण्यात सोडून दिला.

"अहो! ओहोटी लागली! बिनगळाच्या दोऱ्याला मासा काय आमंत्रण वाचून येणार?"

खरं सांगतो, मलाही काकांचा राग आला. घरी म्हातारा वाट बघतोय, आणि हे पाण्यात दोरा धुताहेत!

काका दोरा सोडतच राहिले.

दोरा लांब गेला. पाण्यात स्वतःभोवतीच गरगर फिरत राहिला. किती वेळ फिरला, देव जाणे. मग हळूहळू सरळ झाला.

काकांनी तो चिमटीतून ताणत रिळावर घेतला. एकही वेटोळं उठलं नाही.

सुधाकर बघतच राहिला.

"म्हणजे... ती ओढत असताना मी फिरवलं, की दोरा येत नाही. नुसता पीळ चढतो."

"हूं."

"द्या, गळ बांधतो."

काकांनी रीळ आपल्या मांडीखाली सरकवलं.

"आदी घराक जा. तात्यांकडे बस."

"रिकाम्या हाताने? काका, ते वाट्टेल ते बोलतील मला!"

"बोलांदेत. तू फिरवू नको."